अकरा जणींची मापं आणि एक फुटकी काच

फोन पडला तेव्हा फुटला नव्हता, हे मी आधीच सांगते. शिलाई मशीनच्या मोटारीचा हादरा बसत बसत तो फळीच्या कडेला सरकला आणि शहाबादी फरशीवर सपाट आदळला. मी वाकून बघितलं, काच शाबूत होती. "वाचला गं बाई," असं स्वतःशीच म्हणत उचलायला म्हणून खुर्ची मागं सारली, तर खुर्चीचा लोखंडी पाय बराबर त्याच्या पोटावर. मी वर बसलेलीच होते. करकर आवाज आला तशी मी ताडकन उठले.

काचेला खालपासून वरपर्यंत तडे गेले होते. डाव्या अंगाला शाई सांडल्यासारखा काळा डाग होता आणि बघता बघता तो पसरत होता. मधोमध एक हिरवी रेघ. बोट फिरवलं, काही नाही. दाबून फिरवलं, काही नाही. पण फोन जिता होता! पाचच मिनिटांत वाजला. कोण बोलवतंय ते दिसत होतं अर्धं, आणि उचलायचं हिरवं बटण काळ्या डागाखाली गेलेलं. वाजून वाजून तो गप झाला.

एवढं हातपाय गळायचं कारण सांगते. भोकरदनजवळच्या एका गावात मी गेली आठ वर्षं ब्लाउज शिवते. माप घेताना टेप दोन्ही हातांत असतो, लिहायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून मी एक युक्ती काढली होती. फोनमध्ये रेकॉर्डिंग लावायचं, फोन खिडकीत ठेवायचा आणि माप घेता घेता मोठ्यानं बोलत जायचं: उंची इतकी, छाती इतकी, मुंडा इतका, मागचा गळा खोल, बाही कोपरापर्यंत. घरी येऊन ऐकायचं आणि सरळ कापडावर खडू चालवायचा. वहीची कटकट नाही. गावात माझ्या या युक्तीचं कौतुक होतं, आणि मलाही थोडा ताठा होता.

त्या आठवड्यात भोकरदनच्या एका लग्नघरचं काम मला मिळालं होतं. माझ्या आजवरच्या कामातलं सगळ्यात मोठं. नवरी, तिची आई, मावश्या, काकू, करवल्या, अशा अकरा जणी. एका दुपारी त्यांच्या माडीवर दार लावून मी सगळ्यांची मापं घेतली. गळ्याचा आकार नीट लक्षात राहावा म्हणून नमुन्याचा ब्लाउज घालून प्रत्येकीचे पाठीचे, गळ्याचे फोटोही काढले. ते सगळं या फोनमध्ये होतं. लग्नाला आठ दिवस होते. अकरापैकी तिघी आपापल्या गावी निघून गेल्या होत्या. एक तर परतूरची, ती आता थेट हळदीलाच उगवणार होती. परत माप घ्यायचं म्हटलं तरी घेणार कुणाचं?

सासूबाई शेळ्यामेंढ्यांना पाणी दाखवून आत आल्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्यात तशीच रीत आहे. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ हिंडण्यात गेलं. आता दहाबारा जनावरं राहिलीत, पण आत्यांचा आवाज अजून माळावरचाच.

"काय झालं? काऊन अशी बसून राह्यली?"

मी फोन दाखवला.

"मेला काय?"

"मेला न्हाई आत्या. डोळा गेला त्याचा."

"मंग डोळा बसवून आण जा. जल्दी जा, चारची गाडी सापडंल."

मी तशीच पदर खोचून भोकरदनला गेले. मोबाइलवाल्यानं फोन उलटासुलटा करून बघितला. म्हणाला, जुनं मॉडेल आहे, कंपनीचा डिस्प्ले आता मिळणार नाही. बाहेरचा, म्हणजे दुसऱ्याच कारखान्यानं बनवलेला, बसतो. पण तो जालन्याहून मागवावा लागेल, चारपाच दिवस धरा. चारपाच दिवस! मी तिथंच ठरवलं, उद्या पहिल्या गाडीनं जालना.

आत्यांच्या बटणांच्या फोनवरून नवऱ्याला फोन लावला. ते ट्रकवर असतात. त्या आठवड्यात शहागडच्या बाजूची मोसंबी भरून हैदराबादकडं गेल्ते. म्हणाले, "मी येईपर्यंत थांब. मी बघतो."

"तुम्ही येईपर्यंत नवरी सासरी गेलेली असंल," मी म्हणाले.

जालन्याच्या मोबाइल गल्लीत मी पहिल्यांदाच शिरले. केवढी ती दुकानं! एकाला लागून एक, खोक्यांएवढी, आणि प्रत्येकात माणसं मान खाली घालून बसलेली, डोक्यावर दिवा, हातात चिमटा. मला तर तिथं उभं राहूनच उत्साह आला. सगळी बारीक कामाची माणसं! माझ्याच जातकुळीची. फक्त सुईच्या जागी पेचकस.

एका दुकानात फक्त सुटे भाग मिळत होते. गल्ल्यावर एक पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. मी फोन पुढं केला. त्यांनी मागं लिहिलेलं मॉडेल वाचलं आणि न बघता हात मागं नेऊन फळीवरून दोन चपटी खोकी काढली.

"देखो बेटा, मैं झूट नहीं बोलता. दोनो बाहरका माल है, कंपनीका नहीं. ये हलका, ये भारी."

दोन्ही डिस्प्ले त्यांनी आळीपाळीनं एका डबीसारख्या यंत्राला जोडून दाखवले. पट्टी जोडली की काचेवर आधी लाल, मग हिरवा, मग निळा, मग पांढरा असे रंग भरून येत. फोन नाही, काही नाही, नुसती काच, आणि ती पेटून उठते! मी लहान लेकरासारखी "परत दाखवा" म्हणाले आणि चाचांनी हसत परत दाखवलं.

मग मी माझ्या सवयीनं माल पारखला. कापड जसं उजेडात तिरकं धरून बघते, तसे दोन्ही तिरके धरले. हलका तिरका केला की राखाडी पडायचा, भारी तसाच उजळ राहायचा. कडेवरून नख फिरवलं. हलक्याची कड खरखरीत होती.

"भारीवाला द्या," मी म्हणाले. "पण बसवून कोण देईल?"

चाचांनी शेजारच्या दुकानाकडं बोट केलं. तिथला कारागीर चांगला होता, हात झरझर चालत होता. पण त्याच्यापुढं फोनांची रांग लागलेली. मान वर न करता तो म्हणाला, "ठेवून जा. परवा मिळंल. अन् हितं पॅटर्न काढून द्या."

त्यानं माझ्यापुढं एक चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर नऊ ठिपके छापलेले होते. त्यावर रेघ ओढून आपल्या फोनचं कुलूप कसं उघडतं ते दाखवायचं. मी पेन हातात घेतलं. पहिल्या ठिपक्यावर टेकवलंसुद्धा. आणि मला ती माडी आठवली. दार लावलंय का म्हणून दोनदा विचारणारी नवरीची काकू आठवली. अकरा जणींचे पाठीचे, गळ्याचे फोटो, माझ्या आवाजात प्रत्येकीचं नाव आणि पुढं छाती किती, कंबर किती.

"पॅटर्न काऊन लागतो?" मी विचारलं.

"चेक करायला, ताई. टच चालतो का, क्यामेरा चालतो का. सगळेच देतात."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचं काम तसंच होतं. पण फोन माझा असला तरी आतलं सगळं माझं नव्हतं.

"मी समोर बसते. आजच करून द्या."

"आज बिलकुल नंबर न्हाई लागत, ताई."

मी पेन खाली ठेवलं. पण लगेच निघाले नाही. त्याच्या काचेबाहेर एका स्टुलावर बसले आणि त्याचे हात बघत राहिले. शिवणही मी अशीच शिकले होते, एका बाईच्या ओसरीवर बसून, नुसतं बघून. तासाभरात त्यानं माझ्यासमोर दोन फोन उघडले आणि मिटले. मागचं झाकण काढणं, स्क्रू काढणं, आतल्या दोन पट्ट्या उचलणं, पुढची काच शेकून सोडवणं, कडा साफ करणं, गम लावणं, नवी काच बसवणं. दुसऱ्या फोनच्या वेळी तर पुढं तो काय करणार हे मला आधीच कळत होतं. हे मला येईल, असं वाटायला लागलं होतं.

मी परत चाचांकडं गेले. "चाचा, मीच बसवणार. काय काय लागंल ते द्या."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या टेपकडं. घाईत तो गळ्यातच राहिला होता.

"टेलर हो?"

"हो."

"तो फिर हाथ चलेगा." त्यांनी एक बारीक पेचकस, प्लास्टिकची दोन पातळ पाती, एक चिमटा आणि काळ्या गमची ट्यूब एका पिशवीत घातली. मग एकेक बोट मोडत सांगितलं, "पैले बॅटरीका कनेक्शन निकालो, बाद में बाकी सब. स्क्रू आपस में बदलना नहीं, लंबा स्क्रू छोटी जगे में गया तो अंदर का बोर्ड खतम. और चिपकाने से पैले चालू करके देखो. चिपक गया तो मैं माल वापस नहीं लेता." चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहून दिला. "अटक गये तो फोन करना."

परतीच्या गाडीत मी ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, दागिना हाय का?" मी म्हणाले, "काच हाय." तिला वाटलं बांगड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ओसरीवर चांगलं ऊन आलं. अंगणात मक्याची कणसं वाळत पडली होती. मी पाट टाकला, त्यावर काळ्या पॉपलीनचा तुकडा अंथरला आणि खडूनं फोनचा आकार काढला, चांगला वीतभर मोठा. ज्या जागेचा स्क्रू काढायचा, तो चित्रात त्याच जागी ठेवायचा. कापडाचे भाग मांडताना मी हेच करते, एक भागही हरवत नाही. आत्या समोर मांडी घालून बसल्या, नाकावर नेत्रशिबिरात मिळालेला चष्मा.

"मी धरू का काही?"

"तुम्ही फक्त मेंढरू हिकडं येऊ देऊ नका."

पात्यानं मागच्या झाकणाची कड उचकली. टिक्, टिक्, टिक् करत झाकण सुटत गेलं आणि फोन उघडा पडला. मी आणि आत्या दोघी एकदमच वाकलो आणि आमची डोकी आपटली. आत काय होतं! इवलाले काळे चौकोन, सोनेरी रेघा, बोटाच्या पेराएवढा क्यामेरा, आणि निम्मी जागा व्यापून बसलेली बॅटरी.

"एवढंसंच हाय व्हय आत," आत्या म्हणाल्या, "अन् एवढं बोलतंय."

स्क्रू निघाले. एकेक चित्रात गेला. आधी बॅटरीची पट्टी, चाचांनी सांगितलं तशी. मग काचेची पट्टी. आता काच सोडवायची. त्या कारागिराकडं गरम हवेचं यंत्र होतं, माझ्याकडं इस्त्री. मी इस्त्रीकडं बघितलेलं आत्यांनी ओळखलं.

"इस्त्री नको. जळंल ते. मिठाचा शेक दे."

आत जाऊन त्यांनी तव्यावर जाडं मीठ तापवलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि हातावर टेकवून चटका बघून आणली. कडेकडेनं आम्ही शेक दिला, अगदी दुखऱ्या गुडघ्याला देतात तसा. गार झाली की परत तापवायची. तिसऱ्या पुरचुंडीला पातं काचेखाली शिरलं! मी ओरडलेच. मग हळूहळू चारी बाजूंनी. फुटकी काच तुकड्यातुकड्यांनी सुटून आली. काचेची एक कच माझ्या अंगठ्यात गेली. आत्यांनी ती काढली, अंगठा पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "चल पुढं."

नवी काच खोक्यातून काढली. तिची पट्टी आतून ओढून घेतली. या पट्टीच्या टोकाला नखाच्या चतकोराएवढं एक काळं तोंड असतं, ते बोर्डावरच्या तेवढ्याच खाचेत दाबून बसवायचं असतं. एवढंच. आणि तेवढंच मला जमेना. त्या कारागिरानं ते एका टिचकीत केलं होतं. मी टेकवलं, सरकलं. परत टेकवलं, दुसरीकडं सरकलं. जोर लावावा तर खाचेतले बारीक दाते वाकतील, मग सगळंच संपलं. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सरक," आत्या म्हणाल्या.

"आत्या, हे लय नाजूक हाय."

"मेंढराच्या खुरातला काटा काय जाड असतो व्हय? शेकड्यानं काढलेत म्या. कंदिलाच्या उजेडात काढलेत."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मी घाबरले. "चष्मा काऊन काढला?"

"बघून न्हाई कळत हे. बोटानं कळतंय."

त्यांनी डोळे मिटले. त्यांची बोटं जाड, काळी, भेगाळलेली. तर्जनीचं टोक त्यांनी त्या पट्टीवर इतकं हलकं ठेवलं की मला वाटलं टेकलेलंच नाही. थोडं डावीकडं. थोडं वर. थांबल्या. मग दाबलं.

टक्.

मी तो आवाज ऐकला. आत्यांनी डोळे उघडले. "बसलं बघ," त्या म्हणाल्या, जशी काही त्यांनी रोज पंचवीस बसवलीत.

मी बटण दाबून धरलं. काच काळीच. परत दाबलं. काळीच. आत्यांचा चेहरा पडला. "माझं चुकलं काय गं?" मी आत बघितलं, नवी काच बघितली, परत आत बघितलं आणि मग माझं लक्ष त्या बाजूला उचलून ठेवलेल्या बॅटरीच्या पट्टीकडं गेलं. ती मी जोडलीच नव्हती! मी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले. ती पट्टी मोठी होती, ती मला एका दमात बसली. बटण दाबलं.

फोन माझ्या हातात थरथरला. काच उजळली. कंपनीचं नाव आलं, मग रंग आले, मग माझ्या दारातल्या जास्वंदीचा फोटो. नऊ ठिपके आले. मी बोट फिरवलं आणि रेघ बोटामागं सुळकन धावली. कुलूप उघडलं!

"आत्या! आत्या! चाललं!"

आत्यांनी दोन्ही हात वर केले आणि माळावर मेंढरं वळवताना घालायच्या तशी एक हाळी घातली. गोठ्यातली मेंढरं खरंच उठून उभी राहिली.

मी रेकॉर्डिंग लावलं. ओसरीवर माझाच आवाज आला: "उंची साडेचौदा, छाती चौतीस, मुंडा पंधरा…" मागं त्या माडीवरचा पंखा, मागं कुणाचं तरी हसणं. आत्या कान देऊन म्हणाल्या, "अगं, ही तर तूच बोलून राह्यली!"

काच अजून चिकटवलेलीसुद्धा नव्हती, नुसती पट्टीला लोंबत होती. पण मी आधी वही आणली. फोन उशीवर तसाच आडवा ठेवला आणि अकराच्या अकरा जणींची मापं लिहून काढली. माडीवरचे फोटो एकेक बघितले, गळ्यांचे आकार वहीत काढले आणि फोटो तिथंच पुसून टाकले. मग आम्ही जरा चहा पिलो. उभ्यानंच, कारण बसवत नव्हतं.

चिकटवणं सोपं वाटलं होतं, पण तिथं मी घोळ घातला. काळा गम जास्त लागला आणि दाबल्यावर बोलायच्या भोकातून बाहेर आला. टाचणीनं उकरून काढण्यात दोन तास गेले. दाबून धरायला त्या कारागिराकडं चिमटे होते. माझ्याकडं परकराचं लास्टिक. फडक्यात गुंडाळून, वरून लास्टिकचे चार वेढे देऊन फोन दुपारभर धान्याच्या कोठीवर ठेवला. दर थोड्या वेळानं आत्या जाऊन बघून यायच्या, जशी काही आत अंडी उबवायला ठेवलीत.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मी उचलला, "हॅलो" म्हणाले आणि काच काळी झाली. आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. त्यांनी बोलून ठेवला तरी काळीच. चाचांना आत्यांच्या फोनवरून फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, उपरकी पन्नी निकाली?"

नव्या काचेवर एक पातळ पारदर्शक कागद असतो, वरच्या अंगाला त्याला रंगीत चिकटपट्टी लावलेली. नवंपण टिकावं म्हणून मी तो तसाच ठेवला होता. ती चिकटपट्टी फोनच्या बारक्या डोळ्यावर बसत होती आणि फोनला वाटत होतं की मी तो सारखा कानालाच लावलाय. पन्नी ओढली, सगळं नीट झालं. चाचा इतके हसले की फोनमधून त्यांच्या दुकानातल्या बाकीच्यांचंही हसू ऐकू आलं.

पुढचे चार दिवस मी जेवलेलं आठवत नाही. मशीन एकसारखी चालली. अकरा ब्लाउज लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः भोकरदनला पोचवले. परतूरची पाहुणी तेव्हाच गाडीतून उतरली होती. तिनं अंगात घातला, आरशात वळून वळून बघितलं आणि म्हणाली, "एकदाच माप घेतल्तं ना? बराबर बसलाय." माझ्या चेहऱ्यावर हसू आलं असावं, कारण नवरीच्या काकूनं विचारलं, "तू इतकी हसून काऊन राह्यली?" मग मी सगळं सांगितलं. फुटलेली काच, चिठ्ठीवरचे ठिपके, मिठाची पुरचुंडी, आत्यांचं बोट.

ठिपक्यांचं ऐकून काकू उठली. आत गेली आणि स्वतःचा फोन घेऊन आली. काच कोपऱ्यातून फुटलेली, वरून सेलोटेप लावलेला.

"चार महिने झाले," ती म्हणाली. "दुकानात टाकायचा जीव होत न्हाई. लेकीचे फोटो हायेत, घरातलं सगळं हाय. तू माझ्यासमोर करून देशील?"

मी म्हणाले, मला एकच येतो, माझा. ती म्हणाली, मग हा दुसरा. लग्न झाल्यावर ती खरंच आली. तिचा डिस्प्ले आणायला मी चाचांकडं गेले, आणि यावेळी त्यांनी मला शेजारच्या त्या कारागिरापुढं नेऊन बसवलं. "इसको सिखा," म्हणाले. त्यानं मला ओळखलं. हसला, आणि पट्टी कशी आधी एका बाजूनं टेकवून मग दाबायची ते तीन वेळा करून दाखवलं. मी आठवड्यातून एक दिवस, असे कितीतरी दिवस त्याच्यापुढं बसले.

सगळंच चांगलं झालं असं नाही. तिसऱ्या फोनला मी नवी काच दाबताना मोडली. कुड्कन आवाज आला आणि मला खुर्चीचा पाय आठवला. मी पदरचे पैसे घालून दुसरी आणून दिली. आणि माझ्या स्वतःच्या फोनचा रंग थोडा निळसर पडतो, हे मला एका गिऱ्हाइकानं कापडाचा फोटो पाठवला तेव्हा कळलं. मी फोटोवरून जांभळा दोरा आणला आणि कापड निघालं मरून रंगाचं. तेव्हापासून रंग मी उन्हात बघते, फोनमध्ये नाही. बाहेरच्या काचेचं हे असं असतं आणि ते मी आलेल्या प्रत्येकीला आधी सांगते, चाचांसारखंच: कंपनीची नाही, मी खोटं बोलत नाही.

आता मशीनशेजारी दुसरं टेबल आहे. नवऱ्यानं हैदराबादहून त्याच्यासाठी डोक्यावरचा दिवा आणून दिला. पहिल्यांदा त्यांनी मला फोन उघडताना बघितलं तेव्हा दारातच चपला घालून उभे राहिले होते, आत यायचं विसरून. माझा नियम एकच आहे: फोन ज्याचा, त्यानं समोर बसायचं. जास्त करून बायाच येतात. अंगणवाडीच्या बाई आल्या, पोलीस पाटलांची सून आली, मिरच्या तोडायला जाणाऱ्या दोघी एकाच फोनसाठी आल्या, कारण तो दोघींच्या भागीचा होता. बसल्या बसल्या गप्पा होतात, कुणी भाजी निवडते. आत्या चहा टाकतात आणि जागेवरून सूचना देतात.

मागच्या आठवड्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी आली. दोन दिवस फोन बंद म्हणून तिचा चेहरा उतरलेला होता. काच बसली, उजळली, तिनं कुलूप उघडलं आणि मेसेज यायला लागले, टिंग टिंग टिंग टिंग, थांबेचनात. तिनं फोन पटकन छातीशी धरला आणि लाजून लाल झाली. मी माझी खुर्ची खिडकीकडं वळवली. बाहेर आत्या मेंढरांना पाला टाकत होत्या. टिंगटिंग ऐकून त्यांनी तिथूनच विचारलं, "कोण गं एवढं बोलवून राह्यलं तिला?"

"मैत्रिणी हायेत, आजी," मुलगी आतून म्हणाली.

"मंग बोल की, लेकरा," आत्या म्हणाल्या. "आमची सून काय ऐकून न्हाई राह्यली."